उलट्या अक्षरांचा विद्यार्थी

दादासाहेब फाळके म्हटले की 'राजा हरिश्चंद्र' आठवतो, ३ मे १९१३ ही तारीख आठवते आणि त्यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार आठवतो. त्या तारखेला फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते हे मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. त्रेचाळीस म्हणजे त्या काळच्या हिशेबाने उताराला लागण्याचे वय. या माणसाने तोवर काय केले, याचे उत्तर बहुतेक लेखांतून एका वाक्यात मिळते. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादू अशी यादी दिली की लेखक मोकळा होतो आणि थेट गिरगावातल्या त्या तंबूत शिरतो, जिथे ख्रिस्ताचा पडद्यावरचा जीवनपट पाहून फाळक्यांच्या मनात कृष्ण नाचू लागला.

मला त्या यादीत अधिक रस आहे. कारण ती यादी म्हणजे एका धंदेशिक्षणाच्या विद्यार्थ्याचे प्रगतिपुस्तक आहे. आज ज्याला आपण ग्राफिक डिझाइन म्हणतो, त्याचे पहिले धडे हिंदुस्थानात कसे दिले जात होते आणि ते घेणाऱ्या मुलाचे पुढे काय होत होते, हे समजून घ्यायचे तर फाळक्यांच्या इतके भरघोस उदाहरण दुसरे सापडणार नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. घरचा मार्ग सरळ होता. संहिता, व्याकरण, पौरोहित्य, फार तर शिक्षकी. वडील संस्कृत शिकवण्यासाठी मुंबईस आले आणि मुलाची वाट वळली. १८८५ मध्ये, पंधराव्या वर्षी, धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. शास्त्रीबुवांच्या मुलाने शाई-रंगाने हात माखून घ्यावेत याला वडिलांनी आडकाठी केली नाही, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. हस्तकौशल्याची कामे ही कारागीर जातींची, आणि ब्राह्मणाने फार तर त्यांचा हिशेब ठेवावा, असा तो जमाना. या बाबतीत दाजीशास्त्र्यांना जितके श्रेय मिळायला हवे तितके मिळालेले नाही असे माझे मत आहे.

जे. जे. मध्ये एक वर्ष झाले आणि धुंडिराज थोरल्या भावाकडे बडोद्याला गेला. तिथे पुढे कलाभवन निघाले.

या कलाभवनाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने ते १८९० मध्ये उभे राहिले आणि उभे केले ते प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी. गज्जर मूळचे सुरतेचे, सुतारकाम आणि बांधकाम हा घराण्याचा वारसा, शिक्षण रसायनशास्त्राचे. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले, ते भल्याभल्यांना निघेना, तेव्हा डाग काढून देणारे रसायनतज्ज्ञ ते हेच. (एकाच पुतळ्याने दोन प्रकारच्या देशभक्तांना काम दिले म्हणायचे!) तर या गज्जरांचा आग्रह असा की रंगाऱ्याच्या, सुताराच्या, लोहाराच्या मुलाला नवे शास्त्र शिकवायचे तर ते त्याच्या भाषेत शिकवले पाहिजे. त्यामुळे कलाभवनात गुजराती-मराठीतून शिकवले जाई. रंगकाम, रेखन, सुतारकाम, यंत्रकाम असे विषय होते. पदवी मिळवून कचेरीत चिकटण्यासाठी नव्हे, तर हाताने पोट भरण्यासाठी शिकायचे, असा त्या संस्थेचा रोख होता.

फाळके इथे तैलरंग आणि जलरंग शिकले, मूर्तिकाम आणि वास्तुरेखन शिकले, छायाचित्रणात रमले. गज्जरांची या मुलावर नजर होती. त्यांनी त्याला संस्थेच्या फोटो स्टुडिओची मोकळीक दिली आणि पुढे तीनरंगी ब्लॉक, फोटोलिथो, कोलोटाइप वगैरे छपाईच्या नव्या प्रक्रिया शिकण्यासाठी रतलामला धाडले. चांगला शिक्षक कोण, तर आपल्याला जे येत नाही ते जिथे मिळेल तिथे विद्यार्थ्याला पाठवतो तो.

आता या प्रक्रिया म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. शिळाछाप घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियातल्या सेनेफेल्डरने तो शोधून काढला. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढेच त्याचे रहस्य. बारीक कणाच्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, मग दगड ओला करायचा. कोरी जागा पाणी धरून ठेवते, रेषा पाणी झटकते. वर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेषेवर बसते. कागद ठेवून दाबले की छाप उमटला. यात मेख अशी की दगडावरचे सगळे उलटे. डावा हात उजवा होतो आणि अक्षरे आरशातल्यासारखी लिहावी लागतात. हस्तांतराच्या खास कागदावर सरळ लिहून ते दगडावर उतरवण्याची सोय होती, पण दगडावर दुरुस्ती करायची म्हटली की गाठ उलट्या अक्षराशीच. 'क' चा गाठोळा कोणत्या अंगाला आणि शेपूट कोणत्या अंगाला, याचा विचार आपण कधी करत नाही. शिळाछाप शिकणाऱ्याला तो करावाच लागतो. अक्षर हे वाचायची गोष्ट नसून एक आकार आहे, त्याला वजन आहे, पोट आहे, त्याच्या आतली पांढरी जागाही त्याचाच भाग आहे, हे त्याला उलट्या लिहिण्यातून कळते. डिझाइनचा पहिला धडा याहून वेगळा काय असतो?

दुसरा धडा रंगांचा. रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीचे जे छाप आपल्या आजी-आजोबांच्या देवघरात असत, त्यांतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. एकच कागद एकामागून एक दगडांखालून जाई. एखाद्या दगडाची जागा किंचित सरकली की लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग गालावर यायचा. ही जुळणी नेमकी साधणे म्हणजे छपाईतले निम्मे पांडित्य. तीनरंगी ब्लॉकमध्ये तर चित्राची छायाचित्राच्याच साहाय्याने फोड करायची. रंगीत काचेतून तीनदा छायाचित्र घ्यायचे, प्रत्येक वेळी एकेक रंग वेगळा काढायचा, जाळीतून त्याचे ठिपके करायचे आणि पिवळा, लाल, निळा असे तीन ठसे एकावर एक छापून डोळ्याला फसवायचे. जवळून पाहाल तर ठिपके, लांबून पाहाल तर साडीचा पदर.

आमच्या नागपुरात सीताबर्डीच्या किंवा महालाच्या गल्लीबोळांतून फिरताना लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करून देणारी दुकाने दिसतात. आत संगणकापुढे विशी-बाविशीची मुले-मुली बसलेली असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डेस्क टॉप पब्लिशिंगचा अभ्यासक्रम असतो, खासगी वर्ग तर पुष्कळ. या मुलांना विचारा, ती 'लेयर' म्हणतील, 'सीएमवायके' म्हणतील आणि माउसच्या एका टिचकीने चार रंग वेगळे करून दाखवतील. ते लेयर म्हणजे शिळाप्रेसचे दगडच होत आणि ते चार रंग म्हणजे रतलामचे तीन अधिक काळा. पण हे त्यांना कोणी सांगत नाही. त्यांना मेनूतली आज्ञा कोणत्या ठिकाणी आहे ते शिकवले जाते. पुढच्या वर्षी मेनू बदलतो आणि शिक्षण संपते. दोष मुलांचा नाही. फाळक्यांच्या पिढीला दगड उचलावे लागत, त्यामुळे ती प्रक्रिया पाठीच्या कण्यातून शिके, एवढाच फरक.

बडोद्याहून बाहेर पडलेल्या या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले? १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला त्याला सुवर्णपदक मिळाले. पदकाने पोट भरत नाही. गोध्र्याला फोटोग्राफीचे दुकान काढले. तिथे प्लेगने गाठले आणि बायको व मूल दोघेही गेले. पुन्हा बडोदे. फोटो काढला की आयुष्य घटते अशी लोकांची समजूत, म्हणून गिऱ्हाईक येईना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून जादूचे खेळ केले. या खेळांसाठी त्यांनी घेतलेले नाव मोठे मजेदार आहे. प्रोफेसर केळफा! फाळके हीच अक्षरे, उलटी केलेली. मला यात शिळाछापवाल्याची सवय दिसते. ज्याने वर्षानुवर्षे अक्षरे उलटून पाहिली, त्याला टोपणनावही तसेच सुचणार.

१९०२ मध्ये दुसरे लग्न झाले. पत्नी सरस्वतीबाई. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली. सरकारी, कायमची, पेन्शनीची. कोणत्याही सासऱ्याला समाधान वाटावे अशी. स्वदेशीचे वारे सुटले आणि फाळक्यांनी ती सोडली. लोणावळ्याला छपाईचा आणि ब्लॉकचा कारखाना काढला. लोणावळाच का, तर शेजारी मळवलीला रविवर्मा प्रेस होता, जो तोवर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात गेला होता. त्या प्रेससाठी फोटोलिथोची कामे फाळके करून देत. पुढे कारखाना दादरला आला. पुरुषोत्तम मावजी यांच्या भांडवलावर 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' उभा राहिला. रंगीत छपाईची यंत्रे आणि त्यांचे तंत्र आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. 'सुवर्णमाला' हे सचित्र नियतकालिक तिथून निघू लागले. छपाई अशी देखणी की नाव सर्वतोमुखी झाले.

आणि नेमके इथेच बिनसले. भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके १९११ मध्ये बाहेर पडले. हाती काही न घेता.

मी आयुष्यभर बँकेत होतो आणि लघुउद्योगांच्या कर्जांच्या फायली हा माझा रोजचा भाजीपाला होता. छापखान्यांच्या फायली त्यांत पुष्कळ असत. त्यांतली एक गोष्ट मी अनेकदा पाहिली. यंत्र तारण ठेवता येते, इमारत ठेवता येते, शिल्लक कागदाचे रीमसुद्धा मोजून घेता येतात, पण ज्याच्या डोळ्याला रंगाची जुळणी दिसते त्या माणसाचा डोळा ताळेबंदात कुठे दाखवायचा? भागीदारी मोडते तेव्हा यंत्रे भांडवलवाल्याकडे राहतात आणि कारागीर आपले कसब घेऊन रस्त्यावर येतो. फाळक्यांचे १९११ मध्ये तेच झाले, १९१९ मध्ये पुन्हा झाले. त्यांचा स्वभाव हट्टी होता, तडजोड त्यांना ठाऊक नव्हती, हे सगळे खरे. तरीही दोष केवळ स्वभावावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. धंदेशिक्षण देणाऱ्या संस्था हात घडवतात. करारनाम्यावर सही कशी करावी, नफ्यात वाटा कसा मागावा, हे कलाभवनातही शिकवत नसावेत आणि आजही कुठे शिकवतात?

त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये त्यांनी ख्रिस्तपट पाहिला. पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. रात्रंदिवस चित्रपट पाहणे, प्रयोग, डोळ्यांवर ताण येऊन काही काळ आलेले अंधत्व, त्यातून बरे होणे, विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून उभे केलेले कर्ज. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले, त्याच्या ओळखीने सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत चित्रणाची रीत पाहिली, विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी केली आणि एप्रिलच्या आरंभी परत आले. मुक्काम दोन महिन्यांचाही नव्हता. एवढ्यात माणूस चित्रपट शिकला कसा, असे आश्चर्य पुष्कळांना वाटते. मला वाटत नाही. त्याचे पंचवीस वर्षांचे शिक्षण झालेच होते. डार्करूम येत होती, रसायने येत होती, पडदे रंगवता येत होते, जादू येत होती. लंडनला फक्त शेवटचा धागा ओवायचा होता.

फिल्मची कच्ची पट्टी त्या वेळी कडेला भोके न पाडलेली येई. ती घरी अंधारात पाडावी लागत. एकही भोक इकडचे तिकडे झाले की पडद्यावर चित्र थरथरणार. हीच ती दगडांची जुळणी, फक्त आता ती हजारो वेळा साधायची. आणि चमत्काराची दृश्ये? एकदा चित्रण करून पट्टी मागे फिरवायची आणि त्याच जागेवर दुसरे चित्रण करायचे. 'लंकादहन' मधला आकाशात उडणारा हनुमान, 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' मधले चमत्कार यांना प्रेक्षकांनी हात जोडले. छापखान्यातल्या माणसाने ते पाहिले असते तर म्हणाला असता की दुसरा रंग बरोबर पहिल्यावर बसला आहे. फाळक्यांची जादू रतलामला शिकलेली होती.

परत आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याचा वेल होईपर्यंत थोडे थोडे चित्रण करीत राहिले. त्या एवढ्याशा पट्टीने कर्ज देणाऱ्याला विश्वास बसला. मी कर्जाचे अनेक प्रकल्प अहवाल वाचले आहेत, पण वाटाण्याच्या वेलाइतका बिनतोड अहवाल माझ्या पाहण्यात आला नाही.

मग दादरचे राहते घर हीच शाळा झाली. भोके पाडणे, कॅमेऱ्यात फिल्म भरणे, ती धुणे ही कामे फाळक्यांनी सरस्वतीबाईंना शिकवली. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून त्या रात्री फिल्म धूत. त्र्यंबक तेलंग हे मित्र कॅमेरा शिकले. एका उपाहारगृहातला अण्णा साळुंके तारामती झाला, कारण नाटक-सिनेमात काम करायला बाई मिळेना. पुरुषांनाही या धंद्याची लाज वाटे. म्हणून फाळक्यांनी त्यांना शिकवून ठेवले होते की कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगा. लोक हे विनोद म्हणून सांगतात. मला तो विनोद वाटत नाही. तो कारखानाच होता, आणि त्यात उमेदवारी करणारे सगळे नवशिके होते. मालकासकट.

चित्रपट तयार झाला, २१ एप्रिल १९१३ रोजी निवडक मंडळींना दाखवला आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये लागला. सुरतेला मात्र पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपयांच्या घरात. दोन आण्यांत सहा तास नाटक पाहणारा माणूस तीन आण्यांत दीड तास का पाहील? चित्रगृहवाल्याने खेळ लांबवा किंवा दर उतरवा म्हटले. फाळक्यांनी दोन्ही केले नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सगळे तीन आण्यांत, असा तिचा मथळा केला. लोक लोटले. वस्तू तीच, किंमत तीच. ती पाहायची कशी एवढेच सांगितले. जाहिरातकलेचे वर्ग तेव्हा आपल्याकडे नव्हते. जे. जे. मध्ये तो विभाग निघाला १९३५ मध्ये.

१९१३ मध्येच ते नाशिकला आले, १९१७ च्या 'लंकादहन'ने पैसा गाडीभर आणला, १९१८ मध्ये भागीदारांसह 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली. आणि पुन्हा तेच. खर्चावरून, अधिकारावरून वाद झाला. फाळके काशीला निघून गेले, तिथे 'रंगभूमि' नावाचे नाटक लिहिले, १९२२ मध्ये परत कंपनीत आले. चित्रपट बोलू लागला तेव्हा ते साठीला आले होते. १९३७ मध्ये कोल्हापूरला 'गंगावतरण' केला, तो शेवटचा. युद्धाच्या काळात फिल्मसाठी सरकारी परवाना लागे. सत्तरी ओलांडलेल्या फाळक्यांनी तोही मागितला आणि तो नाकारला गेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. मागे ठेवण्यासारखे धन काही नव्हते.

त्यांच्या चित्रपटांचे फारच थोडे तुकडे शिल्लक आहेत. त्यांत एक आहे १९१७ मधल्या 'चित्रपट कसे तयार करतात' या लघुपटाचा. धंद्याच्या दृष्टीने तो केवळ वेडेपणा. कोणता जादूगार आपली पेटी उघडून दाखवतो? या पट्ट्यांत फाळके स्वतः दिसतात. मिशा दाट, मुद्रा करारी. कुठे नटांना हातवारे करून कृती समजावून देत आहेत, कुठे फिल्मची पट्टी दोन्ही हातांत उजेडासमोर ताणून धरली आहे आणि एकेक चौकट निरखून पाहत आहेत.